कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी वारंवार उतरते तेव्हा कारण कसे शोधावे

ट्रॅव्हलर किंवा तत्सम गाडीत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली की तिच्यात दोन बॅटऱ्या येतात. एक इंजिनाचा सेल्फ फिरवते. दुसरी मागच्या राहत्या भागातील दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप आणि मोबाइलचे चार्जिंग सांभाळते. ही दुसरी बॅटरी रोज पहाटे उतरलेली सापडू लागली की बहुतेक मालक ती काढून दुकानात नेतात, तेथे ‘सेल गेला’ असे निदान मिळते, नवी बॅटरी बसते आणि वर्षभरात तीच रड पुन्हा सुरू होते. असे होते याचे कारण बॅटरी उतरण्याची कारणे मुळात तीन असतात: तिच्यात पुरेसा भरणा होत नाही, तिच्यातून नकळत गळती होते, किंवा तिची साठवणक्षमताच घटलेली असते. तिन्हींचे बाह्य लक्षण सारखेच असले तरी उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, म्हणून खर्च करण्याआधी यांपैकी कोणते कारण आपल्या गाडीला लागू आहे हे मोजून ठरवले पाहिजे.

गोव्यात पहिला संशय भरण्यावर घ्यावा, असे माझे मत आहे. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत उत्तर-दक्षिण गोवा जेमतेम १०५ किलोमीटरचा आहे. मोरजीहून आगोंदला जायचे म्हटले तरी काही तासांचाच प्रवास होतो, आणि एरवी कॅम्पर एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर तास-अर्ध्या तासात पोहोचते. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत वेगाने भरते, पण उरलेले २० टक्के भरताना ती प्रवाह कमी-कमी घेत जाते आणि त्या टप्प्याला कित्येक तास लागतात. लहान प्रवासांवर जगणारी बॅटरी हा टप्पा कधीच पूर्ण करत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती दिवसेंदिवस राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि क्षमता कायमची घटते. म्हणजे पहिल्या कारणातूनच तिसरे जन्माला येते, आणि दुकानदाराचे ‘सेल गेला’ हे निदान खरे असूनही अपुरे ठरते.

साधने आणि खबरदारी

दहा ॲम्पिअरपर्यंत डीसी प्रवाह मोजणारा मल्टिमीटर, पाणी टाकण्याची बॅटरी असल्यास ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर, पाने, काचपेपर आणि एक वही एवढ्यावर बहुतेक निदान होते. वायर न सोडवता तिच्याभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर काम फारच सोपे होते, पण घेताना तो डीसी प्रवाह मोजतो याची खात्री करावी. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्यच दाखवतात.

बॅटरीजवळ काम करताना अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नसावी, कारण चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जोडणी सोडवताना नेहमी निगेटिव्ह टोक आधी आणि जोडताना शेवटी. छतावर सोलर पॅनेल असेल तर बॅटरी सोडवण्यापूर्वी पॅनेलची जोडणी कंट्रोलरपासून (पॅनेलची वीज आवरून बॅटरीला देणाऱ्या यंत्रापासून) तोडावी. पॅनेल चालू असताना बॅटरी काढली तर कंट्रोलर बिघडू शकतो.

पहिली पायरी: पूर्ण भरणे आणि शांत ठेवणे

अर्धवट भरलेल्या बॅटरीवर केलेली कोणतीही चाचणी फसवी असते. त्यामुळे गाडी घराजवळ किंवा वीज मिळेल अशा होमस्टेच्या अंगणात लावावी आणि चांगल्या चार्जरने बॅटरी रात्रभर पूर्ण भरून घ्यावी. चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या ॲम्पिअर-तासांच्या (तिच्या साठवणक्षमतेच्या आकड्याच्या) दहा ते वीस टक्के असावा, म्हणजे १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीसाठी १० ते २० ॲम्पिअर. दुचाकीसाठीच्या दोन-तीन ॲम्पिअरच्या चार्जरने हे काम एका रात्रीत होत नाही. भरणा चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून व्होल्टेज १४.४ च्या आसपास चढते का हे पाहून ठेवावे, कारण येथेच पुष्कळदा पहिला धागा सापडतो: कित्येक चार्जर १३.८ च्या वर जातच नाहीत आणि हिरवा दिवा मात्र लावून मोकळे होतात.

भरल्यावर चार्जर काढावा, निगेटिव्ह टोक सोडवावे आणि बॅटरी किमान आठ-दहा तास तशीच ठेवावी. चार्जर काढल्याबरोबर दिसणारे १३ च्या वरचे व्होल्टेज वरवरचे असते व ते काही तासांत ओसरते. त्यानंतरचा आकडा वहीत नोंदवावा. पूर्ण भरलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, बंद एजीएम बॅटरी (जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) १२.८ च्या आसपास, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.८ म्हणजे रिकामीच समजावी.

परदेशी पुस्तिकांतून घेतलेले हे आकडे आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. उष्ण हवामानासाठी तिच्यातील ॲसिड थोडे सौम्य ठेवलेले असते. पूर्ण भरल्यावर ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता, १.२४० च्या आसपास असते, तर थंड देशांतील बॅटरीत ती १.२८० पर्यंत जाते. त्यामुळे अशी बॅटरी पूर्ण भरूनही १२.५ व्होल्टच दाखवू शकते आणि त्यात दोष काहीच नसतो. आपल्या बॅटरीचा पूर्ण भरलेला आकडा एकदा स्वतः नोंदवून घेतला की पुढची तुलना त्याच्याशीच करावी.

दुसरी पायरी: बॅटरी दोषी की गाडी

आता बॅटरी सोडवलेल्या अवस्थेतच दोन दिवस ठेवावी आणि पुन्हा मोजावी. संपूर्ण निदानात ही चाचणी सर्वांत कमी कष्टाची आणि सर्वांत निर्णायक आहे, तरीही ती क्वचितच कोणी करतो. चांगली बॅटरी स्वतःहून महिन्याला काही टक्केच उतरते, उष्णतेत थोडी जास्त. दोन दिवसांत फरक जाणवूही नये. घसरण ०.१ व्होल्टहून जास्त असेल तर दोष बॅटरीच्या पोटात आहे. आकडा जागच्या जागी राहिला, पण गाडीला जोडल्यावर मात्र बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर ती नीट आहे; गाडीतील खर्च किंवा गळती तरी जास्त आहे, किंवा भरण्याच्या मार्गात अडथळा आहे.

दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर ही चाचणी दोन्ही वेगळ्या करून घ्यावी लागते, कारण त्यांतील एक कमकुवत असली की ती दुसरीलाही आपल्यासोबत खाली ओढते आणि एकत्र मोजल्यावर दोन्ही सारख्याच वाईट दिसतात.

पाण्याच्या बॅटरीत याच टप्प्यावर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी मोजावी. आकडा किती यापेक्षा सहाही सेलचे आकडे एकमेकांशी जुळतात का हे महत्त्वाचे आहे. पाच सेल १.२४० दाखवत असताना एकच १.१८० वर असेल तर तो सेल गेलेला आहे आणि त्यावर घरगुती उपाय नाही. शांत अवस्थेत १०.५ व्होल्टच्या आसपास अडकलेली बॅटरीही बहुधा एक सेल गमावलेली असते, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. पाण्याची पातळी प्लेटांच्या खाली गेलेली दिसली तर आधी प्लेटा बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरावे. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येते. आरओचे किंवा बाटलीबंद पिण्याचे पाणी चालत नाही.

तिसरी पायरी: गळती शोधणे

बॅटरी निर्दोष ठरली की ती पुन्हा जोडावी, राहत्या भागातील सर्व बटणे बंद करावीत आणि निगेटिव्ह वायरीत मल्टिमीटर दहा ॲम्पिअरच्या सॉकेटवर लावून प्रवाह पाहावा. मीटर असा जोडलेला असताना पंप, इन्व्हर्टर किंवा फ्रिज चालू करू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. क्लॅम्प मीटर असेल तर शून्यावर आणून वायरीभोवती अडकवला की झाले.

सगळे बंद असताना शंभर मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.१ ॲम्पिअर प्रवाह दिसला तर दिवसाला २.४ ॲम्पिअर-तास जातात. गॅस डिटेक्टर, सोलर कंट्रोलर आणि स्टिरिओची स्मृती मिळून एवढे सहज होते व ते चालवून घेता येते. एक ॲम्पिअर दिसला तर दिवसाला २४ ॲम्पिअर-तास, आणि हा गुन्हेगार दहापैकी आठ वेळा इन्व्हर्टर असतो: त्याला काहीही जोडलेले नसताना केवळ चालू राहण्यासाठीच तो अर्धा ते दीड ॲम्पिअर घेतो. त्याखालोखाल व्होल्टमीटर असलेले यूएसबी सॉकेट, सामानाच्या कप्प्यात लागून राहिलेला दिवा आणि भाड्याच्या किंवा कर्जावरील गाडीत बसवलेला जीपीएस ट्रॅकर यांचा क्रम लागतो. मीटरकडे पाहत एकेक फ्यूज काढत जावे. जो काढल्यावर आकडा पडतो ती शाखा दोषी. कोणता फ्यूज कशाचा हे कारागिराने लिहून ठेवलेले नसेल तर तेही याच वेळी लिहून घ्यावे.

फ्रिजला गळती म्हणणे योग्य नाही, तरीही खर्चाच्या बाजूचा मोठा वाटा त्याचाच असतो. कॉम्प्रेसरचा बारा व्होल्टचा फ्रिज चालताना साधारण चार ॲम्पिअर घेतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत तो निम्मा वेळ चालतो असे धरले तरी दिवसाला ४८ ॲम्पिअर-तास होतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये हा नियम पाळला तर १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीचा संपूर्ण वापरण्याजोगा साठा एकट्या फ्रिजने एका दिवसात संपतो. अशा गाडीत बॅटरी उतरते यात बिघाड काहीच नाही, हिशेबच चुकलेला आहे.

चौथी पायरी: इंजिनाकडून येणारा भरणा

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी आणि पुढच्या बॅटरीच्या टोकांवर, मग मागच्या बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. पुढे १४.२ आणि मागे १३.१ असे दिसले तर आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) ठणठणीत आहे, पण वाटेत १.१ व्होल्ट गडप होत आहेत, आणि १३.१ व्होल्टवर कोणतीही लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरत नाही. मागची बॅटरी बरीच उतरलेली असताना हे मोजावे; भरलेल्या बॅटरीकडे प्रवाहच जात नसल्याने वाटेतील तूटही दिसत नाही.

तूट नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी मल्टिमीटरच्या एका टोकाला लांब वायर जोडून घ्यावी. लाल टोक पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळे टोक मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवले की मीटर थेट पॉझिटिव्ह मार्गातील तूट दाखवतो. मग हेच निगेटिव्हपासून निगेटिव्हपर्यंत करावे. दोन्ही मिळून ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर काळे टोक मार्गावरून सरकवत आणावे: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेच्या (आपोआप चालणाऱ्या स्विचच्या) अलीकडे, पलीकडे, थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) पत्र्यावर आणि मग थिंबल ज्या बोल्टवर आहे त्या बोल्टवर. जेथे आकडा एकदम उडी मारतो तेथे दोष.

किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही उडी बहुधा थिंबलपाशी सापडते. बाहेरून सांधा चकचकीत दिसतो, स्लीव्ह घट्ट बसलेली असते. ती ब्लेडने चिरली की आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या आणि त्यांच्यावर हिरवट भुकटी. खारी हवा वायरीच्या उघड्या टोकातून शिरते आणि तारांमधून इंच-दोन इंच आत सरकते, त्यामुळे नुसते थिंबल बदलून भागत नाही. स्वच्छ लाल तांबे दिसेपर्यंत वायर कापावी लागते. अर्थच्या बाजूला चॅसीवरचा बोल्ट पाहावा. रंगावर किंवा गंजावर आवळलेला अर्थ ही जुनीच तक्रार आहे. पत्रा काचपेपरने उघडा करून, बोल्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनलवरचा पांढरा-निळा थर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुतला जातो, मात्र ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये.

सांधे स्वच्छ असूनही तूट राहिली तर वायर बारीक आहे. पुढून मागे पाच मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे होते. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ३० ॲम्पिअर वाहताना अशा मार्गात जवळजवळ ०.९ व्होल्ट जातात, तर सोळा चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३३ च्या आसपास. नवी वायर घेताना कथिलाचा मुलामा दिलेली घ्यावी. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरची वायरिंग करणारे कारागीर खाऱ्या हवेला सरावलेले असतात, आणि या कामात त्यांचा सल्ला शहरातील गॅरेजपेक्षा मी अधिक मोलाचा मानतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ एकेक फ्यूज हवाच.

मागच्या बॅटरीवर इंजिन चालू असतानाही व्होल्टेज मुळीच चढत नसेल तर दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले तपासावा. व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. जोडताना ‘टक’ असा आवाज येतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या वाहनांच्या धुरासंबंधीच्या नियमांनंतरच्या अनेक गाड्यांत आल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, आणि मग हा रिले प्रवासाच्या मध्येच सोडून देतो. अशा गाडीत रिले बदलत बसण्यात अर्थ नाही, डीसी-डीसी चार्जर बसवावा. तो पुढून येणाऱ्या कमी-जास्त व्होल्टेजचे मागच्या बॅटरीसाठी स्थिर १४.४ करून देतो. तरीही ३० ॲम्पिअरचा असा चार्जर तासाभरात फार तर ३० ॲम्पिअर-तास देणार, हे विसरू नये.

पाचवी पायरी: सोलर

स्वच्छ दुपारी पॅनेल कंट्रोलरपासून सोडवून त्याचे उघडे व्होल्टेज मोजावे. १०० वॅटच्या साध्या पॅनेलवर २१ च्या आसपास यायला हवे. मग जोडून बॅटरीकडे जाणारा प्रवाह पाहावा. पाच ॲम्पिअरच्या जवळ असेल तर उत्तम, पण बॅटरी आधीच भरलेली असली तर कंट्रोलर प्रवाह आपणहून कमी करतो, त्यामुळे हे मापही उतरलेल्या बॅटरीवरच घ्यावे.

सावली मिळावी म्हणून गाडी माडाखाली लावणे गोव्यात साहजिक आहे, पण एका झावळीची पट्टी पॅनेलवर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येते, कारण पॅनेलमधील सेल एकापुढे एक साखळीने जोडलेले असतात. समुद्राकडून येणाऱ्या मिठाचा धूसर थर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावा. जून ते सप्टेंबर या काळात सोलरवर विसंबूच नये. दाट ढगांच्या दिवशी क्षमतेच्या चौथा हिस्साही मिळत नाही. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर बॅटरीला घरच्या विजेवरील चार्जर लावून ठेवणे किंवा ती सोडवून महिन्यातून एकदा पूर्ण भरणे, हे दोनच मार्ग आहेत.

सहावी पायरी: क्षमता मोजणे

हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार ॲम्पिअर घेतो. पूर्ण भरून शांत ठेवलेल्या बॅटरीवर तो लावावा, तापलेली काच कशाला लागू नये म्हणून फरशीवर ठेवावा आणि दर तासाला व्होल्टेज लिहीत जावे. शंभर ॲम्पिअर-तासांची चांगली बॅटरी बल्ब जळत असताना १२ व्होल्टपर्यंत यायला दहा तास किंवा त्याहून जास्त घेते. पाच तासांत आली तर निम्मी क्षमता गेलेली आहे. दोन-तीन तासांत आली तर नवी बॅटरी घेण्याचे खरे कारण आता तुमच्या वहीत आहे. व्होल्टेज १२ च्या खाली जाऊ लागले की चाचणी थांबवून बॅटरी लगेच भरावी.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला या लेखातील व्होल्टेजचे आकडे लागू नाहीत. ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३ च्या आसपासच राहते, त्यामुळे तिचा हिशेब ॲम्पिअर-तास मोजणाऱ्या शंट मॉनिटरनेच ठेवावा. टोकांवर अचानक शून्य व्होल्ट दिसले तर बॅटरी मेलेली नसून आतल्या संरक्षक सर्किटने ती तोडलेली असण्याची शक्यता अधिक.

हिशेब आणि बदल

आता वहीत दोन रकाने करावेत. समजा, फ्रिज ४८, छताचा पंखा रात्रभर १६, दिवे आणि पंप ५, मोबाइल व लॅपटॉप १५. एकूण ८४ ॲम्पिअर-तास रोजचा खर्च. जमा बाजूला १०० वॅटच्या पॅनेलकडून चांगल्या दिवशी २५ आणि तासाभराच्या प्रवासातून २० असे ४५. रोज ३९ ची तूट असेल तर बॅटरी कितीही मोठी घेतली तरी ती फक्त थोडी उशिरा उतरेल. अशा वेळी दुसरे पॅनेल, रात्री काही तास फ्रिज बंद ठेवण्याची सवय, किंवा दर दोन दिवसांनी वीज असलेल्या ठिकाणी मुक्काम, यांपैकी काहीतरी स्वीकारावे लागते.

नवी बॅटरी घ्यायचीच ठरली तर ट्रक-टेंपोची सेल्फ मारण्याची बॅटरी घेऊ नये. तिच्या पातळ प्लेटा क्षणभराच्या मोठ्या प्रवाहासाठी असतात आणि वारंवार खोलवर उतरवल्यास लवकर संपतात. ट्युब्युलर बॅटरी टिकाऊ आहे, पण उंच, जड आणि ॲसिड हिंदकळणारी. ती घट्ट बांधावी लागते आणि तिचा वायू गाडीबाहेर सोडावा लागतो, म्हणून पलंगाखालच्या बंद पेटीत ती ठेवू नये. तेथे एजीएम किंवा लिथियम बरी. इंजिनाच्या उष्णतेपासून ती दूर असावी, कारण तापमान दर दहा अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे. याच कारणाने चार्जरमध्ये तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय असेल तर तिचा सेन्सर बॅटरीलाच चिकटवावा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याऐवजी नवी घेताना विक्रेत्याकडेच परत करावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशामुळे तिची परतीची किंमतही बिलातून वजा होते. नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख आणि पूर्ण भरून शांत ठेवल्यावर आलेले व्होल्टेज पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवावे.